कोसळलेल्या संगणकाची कैफियत

घरातील संगणक चालता चालता अकस्मात बंद पडला म्हणजे गृहस्थाच्या तोंडून जी तक्रार निघते ती बहुधा एकाच वाक्याची असते, आणि त्या वाक्यात तपासास उपयोगी पडेल असा मजकूर जवळजवळ नसतो. 'संगणक बंद पडतो' एवढेच तो सांगतो. कोणते काम चालू असता बंद पडतो, बंद पडण्यापूर्वी पडद्यावर काही अक्षरे उमटतात किंवा नाही, पंख्याचा आवाज थांबतो की चालूच राहतो, यांपैकी कशाचाही उल्लेख त्यात येत नाही. तक्रार अशी मोघम असली म्हणजे दुकानातील तंत्रज्ञही तशाच तोडीचे उत्तर देतो : 'फॉरमॅट मारावा लागेल.' त्याप्रमाणे फॉरमॅट मारला जातो, मुलांची छायाचित्रे आणि जुने कागदपत्र त्यात गेले तर जातात, काही दिवस बरे जातात, आणि मग एका संध्याकाळी यंत्र पूर्ववत कोसळते; कारण दोष विंडोजमध्ये नव्हताच, तो रॅमच्या एका पट्टीत अथवा भिंतीवरच्या सैल झालेल्या सॉकेटात होता. हे प्रकरण त्या फॉरमॅटपूर्वी करावयाच्या तपासाविषयी आहे.

यंत्र कोसळण्याचे स्थूलमानाने तीन प्रकार आहेत, आणि त्यांची आपसांत गल्लत झाली की पुढचा सारा तपास आडवाटेला लागतो. पहिल्या प्रकारात पडदा एकाएकी निळा होतो, त्यावर दुःखदर्शक चेहरा आणि खाली इंग्रजी मोठ्या अक्षरांत एखादी संज्ञा उमटते, थोडा वेळ टक्केवारी मोजली जाते आणि यंत्र आपण होऊन पुन्हा सुरू होते. विंडोज ११ मध्ये २०२५ सालापासून हा पडदा काळा झाला आहे आणि त्यावरील चेहराही गेला आहे, परंतु त्याच्या मूळ स्वभावात फरक पडलेला नाही. दुसऱ्या प्रकारात चित्र आहे तेथेच गोठते, माऊसचा बाण हलत नाही, चालू असलेले गाणे एकाच सुरावर अडकून घरघरते, आणि शेवटी बटण दाबून धरण्यावाचून गत्यंतर उरत नाही. तिसऱ्या प्रकारात काहीच घडत नाही : एक क्षण यंत्र चालू असते आणि दुसऱ्या क्षणी ते बंद असते, किंवा त्याहून चमत्कारिक म्हणजे स्वतःच पुन्हा सुरू होत असते. पहिल्या प्रकारात यंत्राने मरणापूर्वी जबानी दिलेली असते. दुसऱ्यात ती अर्धवट राहते. तिसऱ्यात मात्र जबानी देण्यास सवडच मिळालेली नसते, आणि ही सवड न मिळणे हाच त्या प्रकारातील सर्वांत मोलाचा पुरावा असतो.

निळा पडदा पाहून यंत्राने दगा दिला असे वाटणे स्वाभाविक आहे, तथापि तो पडदा म्हणजे यंत्राने शुद्धीवर असताना घेतलेला निर्णय असतो. इंटेलच्या १९८५ सालच्या ३८६ या प्रोसेसरने आणि त्याच्या वंशजांनी घरगुती यंत्रांत जी व्यवस्था रूढ केली तीनुसार सामान्य प्रोग्रॅमला केवळ त्याच्या वाट्याला आलेल्या स्मृतीतच वावरण्याची मुभा असते. त्याने दुसऱ्याच्या हद्दीत हात घातला तर तेवढाच प्रोग्रॅम बंद केला जातो आणि बाकीचा कारभार सुरळीत चालतो. परंतु ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, आणि ध्वनी, चित्र, जाळे इत्यादींचा व्यवहार पाहणारे बहुतेक ड्रायव्हर यांच्यावर अशी कोणाची हुकमत नसते. त्यांना सर्वाधिकार दिलेले असतात, आणि सर्वाधिकाऱ्याच्या दप्तरात विसंगती आढळली तर तिची दाद मागावयास वरचे न्यायालय नसते. अशा वेळी कर्नेलने कामकाज तसेच पुढे रेटले तर बिघडलेल्या आकड्यांच्या आधारे डिस्कवर भलतेच काही लिहिले जाण्याचा धोका असतो. म्हणून ते सर्व व्यवहार तहकूब करते, आपल्या स्मृतीचा शक्य तेवढा भाग डिस्कवर उतरवून ठेवते आणि थांबते. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीपासून हीच रीत चालत आलेली आहे.

या सर्वाधिकाऱ्यांपैकी कर्नेल स्वतः फारसे चुकत नाही. चुकतात ते बाहेरून आलेले ड्रायव्हर. वॉशिंग्टन विद्यापीठातील मायकेल स्विफ्ट, ब्रायन बर्शाड आणि हेन्री लेव्ही यांनी २००३ सालच्या आपल्या निबंधात विंडोज एक्सपीच्या त्या काळी नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरांमुळे घडतात असा आकडा दिला होता. त्याच्या पाच वर्षे आधी, एप्रिल १९९८ मध्ये, शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात या गोष्टीचे जे जाहीर प्रात्यक्षिक घडले ते आजही लोक मिटक्या मारीत पाहतात : बिल गेट्स यांच्या शेजारी उभे राहून ख्रिस कॅपोसेला नव्या विंडोज ९८ ला एक स्कॅनर जोडून दाखवीत होते, आणि यंत्र तो आपण होऊन ओळखील असे सांगत असतानाच भव्य पडदा निळा झाला.

त्याहून कितीतरी गंभीर असा प्रसंग १९ जुलै २०२४ रोजी ओढवला. क्राउडस्ट्राइक या संरक्षक प्रणाली बनविणाऱ्या कंपनीने त्या दिवशी जगभरच्या यंत्रांकडे एक लहानशी फाइल धाडली. तीतील नियम एकवीस मूल्यांची अपेक्षा करीत होता आणि प्रत्यक्षात त्याला वीसच पुरविली जात होती. एकविसावे शोधण्यासाठी त्या कंपनीचा ड्रायव्हर आपल्या हद्दीपलीकडची स्मृती वाचू लागला आणि, वर सांगितलेल्या रीतीनुसार, कर्नेलने यंत्र थांबविले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रे त्या दिवशी अशी पडली, आणि भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. ती यंत्रे बहुतांशी कचेऱ्यांची होती, घरांतील नव्हती. पण उपाय घरगुतीच ठरला. यंत्र सेफ मोडमध्ये, म्हणजे अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर सोबत घेऊन, सुरू करावयाचे आणि ती एक फाइल काढून टाकावयाची.

आता तपासाकडे वळू. यंत्र पडल्यानंतर जागेचा पंचनामा करावयाचा तो काही हलविण्यापूर्वी, आणि त्याची साधने विंडोजच्या पोटातच आहेत. 'रिलायबिलिटी मॉनिटर' या नावाचा एक तक्ता तीत असतो. त्याचे अस्तित्व पुष्कळांस ठाऊक नसते. त्यात दिवसावार कोणता प्रोग्रॅम आला, कोणते अपडेट बसले आणि कोणत्या दिवशी यंत्र पडले हे एकाखाली एक मांडलेले दिसते, आणि तांबडी फुली पहिल्यांदा ज्या दिवशी उमटली त्याच्या आदल्या दिवशी नवा ग्राफिक्स ड्रायव्हर बसला होता हे दिसले की निम्मे काम होते. जो बदल झाला असेल तो उलटवून पाहावा : ड्रायव्हर मागील आवृत्तीवर न्यावा, अपडेट काढावे, नवी रॅम घातली असेल तर ती उतरवावी. यंत्र दोन वर्षे निर्धोक चालले आणि मंगळवारी बिघडले, तर सोमवारी काय झाले हे विचारण्याइतकी साधी गोष्ट पुष्कळदा राहून जाते. कारण सोमवारी झालेला बदल घरातल्या कोणी तरी केलेला असतो आणि तो सांगण्यास तो इसम राजी नसतो.

दुसरे दप्तर म्हणजे 'इव्हेंट व्ह्यूअर'. त्यात अशा प्रत्येक प्रसंगानंतर 'कर्नेल-पॉवर' या नावाखाली ४१ क्रमांकाची नोंद सापडते, आणि या नोंदीने जेवढे एसएमपीएस (यंत्रास वीज पुरविणारे डबे) विनाकारण बदलले गेले असतील तेवढे दुसऱ्या कशाने क्वचितच. तिच्या नावात पॉवर हा शब्द असल्याने वाचणारा विजेवर ठपका ठेवून मोकळा होतो; वास्तविक ती नोंद एवढेच सांगते की मागील वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. तिचा तपशील उघडून 'बगचेक कोड' या शब्दांपुढील आकडा पाहावा. तेथे शून्य असेल तर यंत्राला जबानी देता आली नाही, म्हणजे वीज गेली असावी, यंत्र गोठून कोणी बटण दाबले असावे, किंवा प्रोसेसरने उष्णतेने स्वतःला तोडले असावे. तेथे शून्याखेरीज आकडा असेल, उदाहरणार्थ १५९, तर निळा पडदा येऊन गेला आहे असे समजावे; हा आकडा दशमान पद्धतीत असतो, त्याचे षोडशमानातील रूप ९एफ होते, आणि यंत्रास झोपविताना अथवा जागे करताना एखाद्या ड्रायव्हरने वेळेवर उत्तर दिले नाही असा त्याचा अर्थ आहे.

तिसरे आणि सर्वांत बोलके दप्तर विंडोजच्या फोल्डरमधील 'मिनीडम्प' या कप्प्यात असते; कोसळताना उतरवून ठेवलेल्या स्मृतीच्या फाइली, म्हणजे डम्प, तेथे साठतात. निर सोफर यांचे 'ब्लूस्क्रीनव्ह्यू' हे विनामूल्य साधन अथवा मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे 'विनडीबीजी' यांतून त्या फाइली वाचता येतात, आणि त्यांत बहुधा एखाद्या ड्रायव्हरचे नाव तांबड्या शाईत लिहावे तसे पुढे येते. येथे मात्र उतावळेपणा करू नये असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. ज्याच्या नावावर यंत्र पडले तोच गुन्हेगार असतो असे नाही. पुष्कळदा तो केवळ प्रेताजवळ सापडलेला पहिला मनुष्य असतो. एका ड्रायव्हरने परक्या स्मृतीत खाडाखोड करावी, दहा मिनिटांनी दुसऱ्या निरपराध ड्रायव्हरने ती स्मृती वाचावयास घ्यावी आणि यंत्र त्याच्या हाती पडावे, असे नित्य घडते. म्हणून एका डम्पवर निकाल देऊ नये. चारपाच साचू द्यावेत आणि ते एकमेकांशेजारी ठेवावेत. प्रत्येकात तीच संज्ञा आणि तेच नाव येत असेल तर तो ड्रायव्हर, किंवा त्याच्या ताब्यातील उपकरण, यांच्यावर संशय घेणे रास्त आहे. प्रत्येकात निराळी संज्ञा आणि निराळे नाव येत असेल, आज 'मेमरी मॅनेजमेंट', उद्या 'पेज फॉल्ट', परवा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', तर सॉफ्टवेअरचा नाद सोडून रॅमकडे वळावे. कारण इतके भिन्न ड्रायव्हर एकाच आठवड्यात बिघडण्याची शक्यता नगण्य असते, आणि या सर्वांना सामाईक अशी जमीन म्हणजे स्मृती होय. आणि एकही डम्प सापडत नसेल, निळा पडदा मात्र दिसला असेल, तर डिस्ककडे पाहावे. जिच्यावर जबानी लिहावयाची तीच नाहीशी झाली असेल तर ती लिहिणार कोठे?

रॅमची गोष्ट थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. १६ जीबीच्या स्मृतीत तेरा हजार सातशे कोटींहून अधिक बिट असतात, आणि त्यांतील प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधील विद्युद्भार होय. हा भार सतत गळत असतो, म्हणून सामान्यतः ६४ मिलिसेकंदांच्या किंवा त्याहूनही कमी अवधीत प्रत्येक घर वाचून पुन्हा भरावे लागते. हा उद्योग यंत्र चालू असेपर्यंत अखंड चालतो आणि त्यात एक घर जरी नियमाने रिकामे राहू लागले तरी, त्या घरात काय ठेवले गेले यावर अवलंबून, कधी छायाचित्रातील एक ठिपका रंग बदलतो तर कधी सारे यंत्र कोसळते. इंटेलमधील टिमथी मे आणि मरी वुड्स यांनी १९७८ साली दाखवून दिले की चिपच्या सिरॅमिक वेष्टनातील किरणोत्सर्गी द्रव्याच्या अत्यल्प अंशातून निघणारे अल्फा कणही असा बिट पालटू शकतात. पुढे विश्वकिरणांचीही गणना या आरोपींत झाली, आणि तेव्हापासून ज्या बिघाडाचे कारण सापडत नाही तो अंतराळावर ढकलण्याची एक सोयीस्कर प्रथा पडली. परंतु गूगलच्या यंत्रांवरून बियांका श्रोडर आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००९ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात वर्षाकाठी आठ टक्क्यांहून अधिक रॅमपट्ट्यांत दोष आढळले, आणि त्यांतील बहुसंख्य दोष क्षणिक नसून त्या त्या पट्टीच्या अंगचे होते. घरगुती यंत्रांत चुका दुरुस्त करणारी रॅम सहसा नसते; तेव्हा आकाशाकडे बोट दाखविण्यापूर्वी पट्टी काढून पाहावी हे बरे.

पट्टी काढली की आपल्याकडील तंत्रज्ञ खिशातून खोडरबर काढतो. रॅमच्या सोनेरी कडा खोडरबराने घासण्याची ही पद्धत कोणत्याही उत्पादकाच्या पुस्तिकेत नसावी, पण कोकणच्या खाऱ्या दमट हवेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या यंत्रांना तिने गुण येतो यात शंका नाही. आमच्या मते या यशाचा अर्धाअधिक वाटा पट्टी काढून पुन्हा नीट बसविण्याचा आहे, कारण तेवढ्याने संपर्काच्या जागेवरील मळ आणि गंज खरवडला जातो. खोडरबर फार जोराने चालविला तर सोन्याचा मुळातच पातळ असलेला मुलामा झिजतो, आणि रबराचे कण खाचेत गेले तर नवीच कटकट उभी राहते. यंत्राची वीज तोडून, हात आधी त्याच्या धातूच्या सांगाड्यास लावून, पट्टी दोन्ही बाजूंचे खटके वाजेपर्यंत दाबावी. त्यानंतर 'मेमटेस्ट८६' पेन ड्राइव्हवरून सुरू करून रात्रभर चालू द्यावे. विंडोजमध्येही स्मृतितपासणीची सोय आहे, परंतु ती घाईची आहे. चाचणीत एकही चूक दिसली तर ती क्षम्य नव्हे. दोन पट्ट्या असतील तर एकएकटी लावून पुन्हा पाहावे, आणि एकच खाच दोन्ही पट्ट्यांना नापास करीत असेल तर दोष मदरबोर्डाचा समजावा. बायॉसमध्ये 'एक्सएमपी' चालू करून रॅमचा वेग वाढविलेला असेल तर सर्वांआधी तो मूळ पदावर आणावा. जाहिरातीत छापलेला वेग प्रत्येक मदरबोर्डाला झेपतोच असे नाही.

जबानीवाचून झालेल्या मृत्यूंत पहिला संशय विजेवर घ्यावा, आणि आपल्या प्रांतात तो घेण्यास सबळ कारणे आहेत. एसएमपीएसच्या पोटातील मोठे कपॅसिटर वीज गेल्यावरही काही क्षण यंत्राला पोसतात. एटीएक्स मानकानुसार पूर्ण भाराखाली हा अवधी सुमारे १६ ते १७ मिलिसेकंदांचा असतो, आणि आपल्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्याचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. म्हणजे एक आवर्तन चुकले तर जेमतेम निभावते किंवा निभावत नाही. आणि एसएमपीएस जुना, त्याचे कपॅसिटर सुकलेले किंवा माथ्यावर फुगलेले असतील, तर दिवा नुसता मिचकावला तरी यंत्र पुन्हा सुरू होते. भारनियमनाच्या वर्षांत घरोघर आलेल्या इन्व्हर्टरांपैकी पुष्कळांवर दोन स्थितींची एक कळ असते. 'यूपीएस' या स्थितीत पुरवठा लवकर बदलतो, दुसऱ्या स्थितीत पंख्यास आणि दिव्यास चालेल इतक्या सावकाश. इन्व्हर्टर असूनही वीज जाताच संगणक बंद पडतो अशी तक्रार असलेल्या घरात ही कळ पाहून यावी. पुष्कळदा दुरुस्तीचा खर्च तेवढाच असतो.

एसएमपीएसविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. यंत्र टंकलेखनास तासन्‌तास साथ देते आणि मुलाने खेळ सुरू करताच पडते, अशी लक्षणे असतील तर ग्राफिक्स कार्ड क्षणमात्र जी वीज ओढते ती एसएमपीएसला पुरविता येत नसावी. १२ व्होल्टची वाहिनी पाच टक्क्यांपेक्षा अधिक ढळता कामा नये, परंतु हा ढळ इतक्या अल्प काळाचा असतो की साध्या मल्टिमीटरला तो पकडता येत नाही. म्हणून मोजमापाच्या भानगडीत न पडता ओळखीच्या दुकानातून भरवशाचा दुसरा एसएमपीएस चार दिवस उसना आणावा. वेष्टनावर छापलेल्या वॉटच्या आकड्यावर विसंबू नये. हलक्या प्रतीच्या मालात तो आकडा अलंकारिक असतो.

उष्णतेचा तपास सोपा आहे. आधुनिक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आधी आपला वेग घटवितो आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद करतो. पंचेचाळीस अंशांच्या नागपुरी उन्हाळ्यात, धुळीने बुजलेल्या हीटसिंकसह, ही मजल मारण्यास फार वेळ लागत नाही. मऊ ब्रशने धूळ काढावी, ब्लोअर वापरल्यास पंखा बोटाने धरून ठेवावा, जुनी वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी, आणि लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नये.

डिस्कचा संशय आला की तपासापूर्वी प्रत काढावी. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद 'स्मार्ट' या नावाने ठेवते, परंतु गूगलने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिकांनी महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही आधी दाखविली नव्हती. तेव्हा नोंद स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

आणि प्रोसेसर? तो इतका क्वचित बिघडतो की त्याच्यावर आळ शेवटी घ्यावा असा दंडक होता, आणि तो सामान्यतः आजही योग्य आहे. पण २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागून स्वतःच झिजत असल्याचे निष्पन्न झाले. कंपनीने ऑगस्टमध्ये सुधारित मायक्रोकोड दिला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. त्या पिढीचे यंत्र घरी असेल तर बायॉस अद्ययावत करून घ्यावे. मात्र आधीच झिजलेल्या प्रोसेसरास त्याने पूर्वपद मिळत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

या सर्व उपायांत एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे उघड असूनही पाळले जात नाही. रॅम, एसएमपीएस आणि ड्रायव्हर एकाच दुपारी बदलले आणि यंत्र सुधारले, तर पैसे कशाचे द्यावयाचे होते हे कधीच कळत नाही. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. अनियमितपणे उद्भवणारा दोष गेला हे ठरवावयाचे केव्हा? समजा, यंत्र सरासरीने चार दिवसांतून एकदा पडत होते, आणि नवी पट्टी घातल्यापासून चार दिवस ते पडले नाही. दोष तसाच कायम असतानाही केवळ योगायोगाने असे चार दिवस शांततेत जाण्याची शक्यता शंभरात सुमारे ३७ असते, म्हणून एवढ्या मुदतीवर समाधान मानणे म्हणजे जवळजवळ नाणे उडविणे होय. तीच शांतता बारा दिवस टिकली तर ती शक्यता पाचावर उतरते आणि वीस दिवस टिकली तर एकाच्याही खाली जाते. तोवर काढलेली जुनी पट्टी भंगारात देऊ नये. ती पाकिटात घालून, कोणत्या तारखेस कोणत्या खाचेतून काढली एवढे वर लिहून, ठेवून द्यावी.